लेकरू म्हणायलंय, नीट नको, बायोलॉजी पाहिजे. लिबरल आर्ट्स कॉलेजात सायन्स शिकवतात का?

मांजराकाठचा | रविवार, रात्री १०:१२

राम राम मंडळी. एरवी मी पीकपाणी आणि बदल्यांच्या धाग्यांवर असतो, आज घरचा विषय घेऊन आलोय.

मी रेणापूर तालुक्यात जिल्हा परिषदेचा मास्तर. सहा एकर कोरडवाहू, त्यात सोयाबीन. लेक लातूरला बारावीला, होस्टेलवर. सगळ्या लातूरचं जे चाललंय तेच आमचं, नीटची म्हणजे मेडिकल प्रवेश परीक्षेची तयारी: पहाटे पाचला उठणं, क्लास, कॉलेज, परत क्लास, रविवारी टेस्ट. बायोलॉजीत ३६० पैकी ३२० च्या खाली येत नाही. फिजिक्स मात्र रडवायलंय.

मागच्या आठवड्यात घरी आली आणि जेवताना म्हणाली, "पप्पा, मला डॉक्टर व्हायचं नाही. मला बायोलॉजी शिकायचीय." मी म्हणलं, मग दोन वर्षं झाली काय शिकायलीस? तर म्हणे, "पाठ करायलेय."

तिनं नेटवर शोधून काढलंय की बंगळूर, सोनिपत अशा ठिकाणी लिबरल आर्ट्सची विद्यापीठं आहेत आणि तिथं चार वर्षं बायोलॉजीसोबत इतिहास, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान असलं काहीही घेता येतं. आमच्या मंडळींनी 'आर्ट्स' एवढाच शब्द ऐकला आणि ताट सारलं. "आर्ट्सच करायचं तर रेणापूरला काय कमी होतं? लातूरचा खर्च कशाला केला?"

एक गोष्ट सांगितल्याशिवाय तुम्हाला लेकरू कळायचं नाही. २०२२ च्या खरिपात आपल्याकडं शंखी गोगलगायींनी सोयाबीन खाल्लं ते आठवत असेल. रात्रीतून कोंब गायब. आम्ही दुबार पेरलं. बाया लावून पोत्यानं गोगलगायी वेचल्या, मिठाच्या पाण्यात टाकल्या, बांधाला चुना मारला. ही तेव्हा नववीला. तिनं चार गोगलगायी गुपचूप बरणीत ठेवल्या. दिवाळीनंतर त्यांनी शंखाच्या तोंडाला पापुद्रा लावून घेतला. आम्ही समजलो मेल्या. पुढच्या मृगात हिनं बरणीत पाणी शिंपडलं तर दोन चालायला लागल्या! तेव्हापासून हिचा एकच प्रश्न: मधले सात महिने ती जिवंत होती, म्हणजे नेमकं काय करत होती? क्लासच्या सरांना विचारलं तर म्हणाले, हे नीटला येत नाही.

तर हे लिबरल आर्ट्स म्हणजे काय, तिथलं बायोलॉजी खरं असतं का, पुढं पोट भरतं का, आणि मास्तराच्या पगारात बसतं का, एवढं सांगा.

हुरडा_पार्टी | रविवार, रात्री १०:३१

गुरुजी, आमचे मोठे साहेब पण वर्षभर तोंडाला पापुद्रा लावून बसतात आणि इन्क्रिमेंटच्या मृगात चालायला लागतात. त्यांच्यावर संशोधन करायचं असेल तर बरणी मी देतो.

बाकी विषय गंभीर आहे, वाचनखूण साठवलीय.

अंबाजोगाईचा_डॉक्टर | रविवार, रात्री ११:०५

लेकीला एकच विचारा: तुला पेशंट बघायचेत का? उत्तर "हो" असेल तर हा धागा इथंच बंद करा आणि फिजिक्सची शिकवणी लावा. कारण आपल्याकडं बायोलॉजीची पदवी, मग ती लिबरल आर्ट्सची असो की कशाची, डॉक्टरकीकडं जात नाही. अमेरिकेत जाते. तिथं बारावीनंतर थेट वैद्यकीय सहसा नसतं. आधी चार वर्षांची कुठलीही पदवी, त्यात ठरावीक सायन्सचे विषय, मग त्यांची एमकॅट परीक्षा, मग चार वर्षं एमडी. त्याला प्री-मेड म्हणतात, आणि ती वेगळी पदवी नसते. आपल्याकडची माणसं हे वाचून गोंधळतात.

उत्तर "नाही" असेल तर तिला त्या रांगेतून बाहेर काढा. २०२४ ला नीटला २४ लाखांच्या आसपास पोरं नोंदली होती, एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. आता १८० प्रश्न १८० मिनिटांत सोडवायचे. मिनिटाला एक. गोगलगाय सात महिने काय करते याला एक मिनिट पुरत नाही.

आणि दार कायमचं बंद होत नाही. नीटची वरची वयोमर्यादा २०२२ मध्ये काढलीय. पुढं मन बदललं तर परीक्षा देता येते, फक्त तेव्हा अभ्यास परत पहिल्यापासून.

सोनपेठची_सून | सोमवार, सकाळी ७:४८

डॉक्टरसाहेब, रांगेतून बाहेर काढा म्हणणं सोपं आहे. आमच्या मुलानं दोनदा ड्रॉप घेतला. क्लास, होस्टेल, मेस, टेस्ट सिरीज. तिसऱ्या वर्षी तो बोलायचाच बंद झाला. आता बीएस्सी करतोय आणि बरा आहे. पण तेव्हा कुणीतरी सांगितलं असतं की बायोलॉजीला नीटशिवाय रस्ता असतो, तर ती दोन वर्षं आणि माझ्या पाटल्या वाचल्या असत्या.

गुरुजी, फीचा आकडा आधी विचारा, मग बाकीचं. एवढंच सांगायचं होतं.

पाटोदेकर_ताई | सोमवार, रात्री ९:२०

गुरुजी, मी अशाच एका ठिकाणी शिकलेय. नाव लिहीत नाही, इथले अर्धे लोक ओळखतील. गाव पाटोदा तालुक्यात, बारावी बीडला. आता हैदराबादला पीएचडी करतेय. जरा लांबण लागेल, गोड मानून घ्या.

पहिलं म्हणजे 'आर्ट्स' या शब्दाचा आणि आपल्या कला शाखेचा संबंध नाही. युरोपातल्या जुन्या विद्यापीठांत गणित आणि खगोलशास्त्रसुद्धा लिबरल आर्ट्समध्येच मोजायचे. आज त्याचा अर्थ इतकाच की पहिलं वर्ष-दीड वर्ष सगळ्यांनी सगळीकडं तोंड घालायचं, मग एक मुख्य विषय धरायचा. बायोलॉजी मुख्य असेल तर पेशीशास्त्र, जनुकशास्त्र, जैवरसायन, परिसंस्था, उत्क्रांती, शरीरक्रियाशास्त्र हे सगळं येतंच, आणि सोबत संख्याशास्त्र आणि थोडं कोडिंग. हे दोन नसतील तर आजचं बायोलॉजी लंगडं आहे. माझ्या आत्ताच्या कामातला अर्धा वेळ संगणकापुढं जातो.

आमच्याकडं बीडला प्रॅक्टिकलचं जर्नल म्हणजे मागच्या वर्षीच्या पोराचं बघून उतरवायचं. तिथं पहिल्या महिन्यात मॅडमनी रिकाम्या नळ्या दिल्या आणि सांगितलं, कुठलंही डबकं शोधा, पाणी आणा, त्यात काय जगतंय ते सांगा. मी विचारलं, मॅडम, उत्तर काय यायला पाहिजे? त्या म्हणाल्या, मला कुठं माहितीय? मला वाटलं बाईंना शिकवता येत नाही. खरंच वाटलं. घरी फोन करून रडले, की एवढी फी घेतात आणि सांगत काहीच नाहीत.

तिसऱ्या वर्षी पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायचा प्रयोग, तीन महिने चालला नाही. बिनडीएनएची जी नळी तुलनेसाठी ठेवायची, तिच्यातच पट्टी दिसायची. म्हणजे कुठंतरी भेसळ. पिपेट बदललं, पाणी बदललं, बसायची जागा बदलली. शेवटी कळलं, प्रायमर (प्रत सुरू करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) विरघळवायच्या बाटलीतच घाण होती. हे मोठ्या विद्यापीठात पीएचडीची पोरं करतात, बीएस्सीवाल्यांच्या हाती फार काही लागत नाही. लहान कॉलेजात वर्गात वीस-पंचवीस जणं, त्यामुळं प्राध्यापकाच्या प्रयोगाला हात तुमचेच लागतात. माझ्या मते या शिक्षणाचा खरा फायदा हाच. तत्त्वज्ञान-बित्वज्ञान नंतर.

आता ते 'नंतर' पण सांगते, कारण मी स्वतः आधी त्याची टिंगल करायचे.

आमच्या भागात ऊसतोड. कोयत्यावर नवरा-बायको जोडीनं जातात, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, खाडा झाला की दंड. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, पाचटात ना पाणी ना संडास. २०१९ मध्ये सरकारी समितीनं बीड जिल्ह्यात पाहणी केली तेव्हा ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. माझ्या मावशीची काढली तेव्हा ती तिशीतही नव्हती. जीवशास्त्र तुम्हाला सांगेल की पिशवीबरोबर अंडाशयंही गेली तर इस्ट्रोजेन हे संप्रेरक एकदम तुटतं, हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. पण पिशवी काढली का, हे जीवशास्त्र सांगत नाही. ते मला कर्जावरच्या अर्थशास्त्राच्या तासाला कळलं. उचल म्हणजे काय हे मी लहानपणापासून ऐकत होते आणि तिथं पहिल्यांदा वहीत मांडलं. त्या दिवशी मेसमध्ये जेवण गेलं नाही.

मी पुढं काम जिवाणूंवरच करतेय, मावशीवर नाही. सिनेमासारखं काही झालं नाही.

आता वाईट बाजू. एक, इंग्रजी. वाचन प्रचंड आणि दर आठवड्याला लिहायचं. पहिल्या निबंधावर एवढ्या खुणा होत्या की मूळ अक्षर दिसेना. सेमी-इंग्लिशच्या पोरीला पहिलं वर्ष जड जातं. दोन, बरोबरची काही पोरं अशा घरांतली की सुट्टीला कुठं जायचं यावर त्यांची भांडणं. मी दोन वर्षं गाव सांगताना नुसतं "पुण्याजवळ" म्हणायचे. लाज वाटते आता. तीन, सगळ्या ठिकाणी बायोलॉजीची प्रयोगशाळा सारखी नाही. माहितीपत्रकातल्या फोटोवर जाऊ नका. बायोलॉजीचे प्राध्यापक किती, ते स्वतः कशावर काम करतात, चौथ्या वर्षाचा प्रबंध आहे का, हे मेल लिहून विचारा. लेकीनं लिहावं, तुम्ही नव्हे.

हुरडा_पार्टी | सोमवार, रात्री ९:४४

ताई, "पुण्याजवळ" वाचून हसू आलं आणि मग नाही आलं. मी पण मुंबईत "सोलापूर साईड" सांगतो.

नागसेनवन | मंगळवार, सकाळी ६:३०

मी निवृत्त प्राध्यापक, प्राणिशास्त्र. थोडा विरोधी सूर लावतो.

मराठवाड्यात हे असलं शिक्षण आत्ता सोनिपतहून येतंय असं कुणी समजू नये. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज काढलं, पुढं त्याचं मिलिंद महाविद्यालय झालं. तिथं कला आणि विज्ञान एकाच आवारात होतं. कविता करणारी आणि बेडूक फाडणारी पोरं एकाच वसतिगृहात राहत होती. मराठवाड्यातली दलित साहित्याची चळवळ त्याच आवारात, नागसेनवनात, वाढली. मग मिलिंदचं सायन्स वेगळं, आर्ट्स वेगळं झालं. भिंती आपण घातल्यात. आता नवं शैक्षणिक धोरण चार वर्षांची पदवी आणि मुख्य-गौण विषय म्हणून त्याच भिंती पाडा म्हणतंय. कागदावर छान आहे. प्रत्यक्षात जिल्ह्याच्या कॉलेजांत प्राध्यापकांची पदं रिकामी आणि तासिकेवरचा माणूस तीन कॉलेजं सांभाळतो. तो कुठला गौण विषय शिकवणार?

तरी सांगतो, इथंही करणाऱ्याला करता येतं. आपल्या विद्यापीठात, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात, पॉल हेबर्ट यांच्या नावाचं डीएनए बारकोडिंगचं केंद्र आहे. प्राण्याच्या एका ठरावीक जनुकाचा तुकडा वाचून जात ओळखायची, ही त्या हेबर्टसाहेबांची पद्धत. गुरुजींच्या शेतातल्या गोगलगायी एकाच जातीच्या आहेत का, हे तिथल्या विद्येनं कळतं. भारतीय विज्ञान अकादम्यांची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती असते, त्यात साध्या कॉलेजातलं पोरगं दोन महिने मोठ्या प्रयोगशाळेत जाऊन येतं. माझे दोन विद्यार्थी गेले होते. दोघांनीही आयुष्यात पहिल्यांदा विमानतळ पाहिला, आत नव्हे, बाहेरून.

आणि आयसर, म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था, विसरू नका. पुण्याचं २००६ पासून आहे, देशात सात आहेत. पाच वर्षांचं बीएस-एमएस, पहिली दोन वर्षं सगळी विज्ञानं सगळ्यांना. प्रवेशाची वेगळी परीक्षा, आयएटी. त्यात भौतिक, रसायन, गणित, जीव असे चार विषय येतात, त्यामुळं फिजिक्स तिथंही सुटत नाही. फी खाजगीच्या मानानं फार कमी. बंगळूरच्या आयआयएस्सीची (भारतीय विज्ञान संस्था) चार वर्षांची बीएसही २०११ पासून आहे आणि तीत मानव्यविद्येचे विषय सक्तीचे आहेत.

उमरगा_ते_आयोवा | मंगळवार, सकाळी ८:०२

इथं रात्र आहे, झोप येईना म्हणून लिहितो.

मी अमेरिकेत, आयोवात राहतो. मका आणि सोयाबीनचं राज्य, उमरग्यातून उचलून इथं ठेवलं तरी शेत बघून परकं वाटत नाही, फक्त थंडी सोडा. इथं ग्रिनेल नावाचं छोटंसं गाव आहे आणि गावात त्याच नावाचं लिबरल आर्ट्स कॉलेज. आरएनए हा पेशीतला रेणू स्वतः रासायनिक क्रिया घडवू शकतो हे दाखवणारे थॉमस चेक तिथले. त्यांना १९८९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गंमत अशी की त्याच वर्षी वैद्यकाचं नोबेल कर्करोगाच्या जनुकांसाठी बिशप आणि वार्मस यांना मिळालं. बिशप गेटिसबर्ग कॉलेजचे, वार्मस अॅमहर्स्टचे. दोन्ही छोटी लिबरल आर्ट्स कॉलेजं. आणि वार्मस यांनी पदवी कशात घेतली? इंग्रजी साहित्यात! मेडिकल त्यानंतर. क्रिस्पर या जनुकं कापायच्या कात्रीवाल्या जेनिफर डाउडना पोमोना कॉलेजच्या, नोबेल २०२०.

अॅमहर्स्टसारखी काही कॉलेजं परदेशी पोरांनाही ऐपत न बघता प्रवेश देतात आणि लागेल तेवढी मदत करतात. पण तिथं जगभरातली पोरं अर्ज करतात, लॉटरीच समजा. आणि डॉक्टर म्हणाले ते खरंय, पण त्यात भर घालतो: प्री-मेड करून इथं मेडिकलला जाणं परदेशी विद्यार्थ्याला फार अवघड आहे. बरीच कॉलेजं परदेशी अर्जच घेत नाहीत. त्या आशेवर पाठवू नका.

हुरडा_पार्टी | मंगळवार, सकाळी ८:२०

नोबेल मिळालेल्यांची यादी वाचली. न मिळालेल्यांची कुठाय? गुरुजींना पोट भरतं का ते विचारायचंय.

पाटोदेकर_ताई | मंगळवार, रात्री १०:१०

रास्त प्रश्न. माझ्या बॅचचं सांगते. काही जणं पीएचडीला, त्यातले निम्मे परदेशात. दोघी सार्वजनिक आरोग्यात, एक टिसमधून (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) पुढं शिकली. एक औषधांच्या चाचण्यांच्या कंपनीत. एक विज्ञानावर लिहितो, पैसे बेताचे. एक बँकेत आहे आणि आमच्यात सगळ्यात सुखी तोच दिसतो.

मला आता फेलोशिप आहे. जेआरएफ, म्हणजे पीएचडीच्या सुरुवातीची फेलोशिप, २०२३ पासून महिना ३७ हजार, वर घरभाडं. वेळेवर येते असं म्हणणार नाही. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर २०२२ च्या यूजीसी नियमांनी मध्ये एमएस्सी न करता पीएचडीला जाता येतं, तेवढा वेळ वाचतो. पण नुसत्या बायोलॉजीच्या पदवीवर एकविसाव्या वर्षी चांगली नोकरी लागेल या हिशोबानं येऊ नका. हा लांब पल्ल्याचा रस्ता आहे, मेडिकलसारखाच. फक्त गावात पाटी लावता येत नाही. माझी आजी अजून विचारते, "दवाखाना कवा टाकायलीस?"

फीचं: खाजगीत काही ठिकाणी राहणं-खाणं धरून वर्षाला दहा लाखांच्या वर जातं. मास्तराच्या पगारात ते पूर्ण माफीशिवाय शक्य नाही, उगाच शेत विकू नका. अझीम प्रेमजी विद्यापीठात बायोलॉजीची बीएस्सी आहे आणि घरचं उत्पन्न बघून फी, होस्टेल, जेवण यांत सवलत मिळते. अशोका, क्रिया, अहमदाबाद या खाजगी विद्यापीठांतही बायोलॉजी आहे, मदतीचे नियम प्रत्येकाचे वेगळे. प्रवेश मिळाला आणि मदत अपुरी मिळाली तर "नाही" म्हणायची तयारी आधीच ठेवा. लेकीसमोर ठेवा.

मांजराकाठचा | शनिवार, रात्री ९:३३

सगळ्यांचे आभार. ताई, तुमचा प्रतिसाद मंडळींना मोठ्यानं वाचून दाखवला. पिशवीच्या भागाला आल्यावर त्या उठून चुलीकडं गेल्या. त्यांच्या माहेरी दोघींचं तसंच झालंय, हे मला वीस वर्षांत माहीत नव्हतं. नंतर म्हणाल्या, "पोरीला काय शिकायचं ते शिकू द्या. पण नीटचा फॉर्म भरायचा."

तर फॉर्म नीटचाही भरणार, आयएटीचाही आणि अझीम प्रेमजीचाही. दहा लाखवाल्यांचं नाव काढायचं नाही असं ठरलंय. फिजिक्स सुटलं नाही म्हणून लेकरू नाराज आहे. तिला इथं खातं काढून दिलंय.

पापुद्रा | रविवार, दुपारी ४:१५

नमस्कार. मी त्यांची मुलगी. होस्टेलला फोन जमा करतात म्हणून पटकन लिहिते.

पाटोदेकर ताई, मी दोन प्राध्यापकांना मेल लिहिलाय. चार वेळा खोडला. एकांचं उत्तर आलं, त्यांनी मलाच तीन प्रश्न विचारलेत. हे चांगलं लक्षण आहे का?

शाळेतल्या मॅडमकडं फोल्डस्कोप होता, मनू प्रकाश यांनी बनवलेला कागदाचा मायक्रोस्कोप. त्यातून मेलेल्या गोगलगायीची जीभ बघितली. तिच्यावर दातांच्या रांगाच रांगा असतात, किसणीसारख्या. आमचं सोयाबीन कशानं गेलं ते दिसलं.

नागसेनवन सर, तुम्हाला विचारायचं होतं. दिवाळीनंतर गोगलगायी पापुद्रा लावतील. तेव्हापासून मृगापर्यंत दर आठवड्याला वजन केलं तर त्या आत काही खर्च करतात का ते कळेल, असं मला वाटतं. आमच्या गावातल्या सोनाराचा काटा चालेल का? चार गोगलगायी आहेत.

नागसेनवन | रविवार, संध्याकाळी ५:५०

चालेल. पण काटा दर वेळी तोच पाहिजे आणि वजन सकाळी, एकाच वेळेला. सोनाराला आधी सांगून ठेव, नाहीतर गिऱ्हाईकासमोर गोंधळ होईल.

वजन घटलं तर ते पाणी उडालं म्हणून की साठवलेलं अन्न जाळलं म्हणून, हे नुसत्या काट्यावर कळणार नाही. त्यावर विचार कर आणि मला लिही. उत्तर मी आत्ता सांगत नाही. त्याच बरणीत एक रिकामा शंख ठेव आणि त्याचंही वजन घे. का ठेवायचा तेही लिही.

चार फार कमी पडतील, निम्म्या मरतात. वीस तरी धर. नंबर शंखावर आईच्या नेलपॉलिशनं टाक, पेननं टाकलेला पुसून जातो.